यादीत नंबर आहे का? डिव्हाइस आणि ड्रायव्हर यांच्या जुळणीविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : "मशीनला जोडलं, पण चालत नाही." म्हणून या वेळचं सदर एकाच विषयाला दिलं आहे. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) एखाद्या डिव्हाइसला त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) कसा शोधून देतो? कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करा. 'डीमेसेज' ही कमांड मात्र डी, एम, ई, एस, जी अशा पाचच अक्षरांची आहे.

प्रश्न : मॅडम, कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबसाठी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नॅनो (छोटे मायक्रोकंट्रोलर) बोर्ड आणले. सीनियरच्या जुन्या उबुंटूवर ते चालतात. माझ्याकडे उबुंटू २२.०४ आहे. बोर्ड लावला की 'टीटीवाय-यूएसबी-०' क्षणभर येतं आणि गायब होतं. केबल बदलली, बोर्ड बदलून आणला. दुकानदार म्हणतो, ड्रायव्हर टाका. कुठला टाकू?
— द्वितीय वर्ष, ई अँड टीसी, पुणे

उत्तर : नवीन काहीही टाकू नका. तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहे आणि तो बोर्डाला लागलाही होता. क्षणभर दिसलेलं टीटीवाय-यूएसबी-० हा त्याचाच पुरावा. नंतर दुसऱ्या एका प्रोग्रॅमने त्याला तिथून हटवलं.

आधी जुळणी कशी होते ते बघू. या स्वस्त नॅनोंवर यूएसबीशी बोलणारी चिप बहुधा सीएच३४० असते, नानजिंगच्या क्विनहेंग कंपनीची. बोर्ड लावल्याबरोबर कर्नल तिच्याकडून डिस्क्रिप्टर मागवतो. त्यात इतर माहितीबरोबर दोन आकडे येतात : व्हेंडर आयडी १ए८६ आणि प्रॉडक्ट आयडी ७५२३. प्रत्येक यूएसबी ड्रायव्हरजवळ स्वतःचं एक टेबल असतं, आपण कोणते नंबर सांभाळतो हे सांगणारं. 'सीएच३४१' या ड्रायव्हरच्या टेबलात नेमकी हीच जोडी आहे. मतदान केंद्रावर चेहरा ओळखीचा असून भागत नाही, यादीत नाव लागतं, तसंच इथे. बोर्डावर काय छापलंय, खोक्यावर कोणाचं नाव आहे, याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही. आकडे टेबलात सापडले की ड्रायव्हरचं 'प्रोब' हे फंक्शन बोलावलं जातं. ते चिपशी प्रत्यक्ष बोलतं, तिला ताब्यात घेतं, आणि मग टीटीवाय-यूएसबी-० तयार होतं. तुमच्याकडे इथवर सगळं नीट झालं.

आता बोर्ड लावून लगेच 'सुडो डीमेसेज' चालवा आणि शेवटच्या ओळी वाचा. सीएच३४१ने घेतलेल्या इंटरफेसवर 'बीआरएल-टीटीवाय' नावाचा प्रोग्रॅम आला आणि पाठोपाठ कन्व्हर्टर सुटला, अशा अर्थाच्या ओळी तिथे असतील. बीआरएल-टीटीवाय हा अंध व्यक्तींसाठीचा प्रोग्रॅम आहे, १९९५ पासून चालत आलेला. स्क्रीनवरचा मजकूर तो ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटांखाली वरखाली होणाऱ्या टाचण्यांच्या पट्टीवर, उमटवतो. काही ब्रेल डिस्प्लेंच्या आतही हीच सीएच३४० चिप आहे, आणि तिचा मूळ नंबर बनवणाऱ्यांनी तसाच ठेवलेला आहे. उबुंटू २२.०४ मधल्या युडेव्हच्या (डिव्हाइस आलं-गेलं की ठरलेली कामं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका नियमानुसार १ए८६:७५२३ दिसलं की ब्रेलचा प्रोग्रॅम सुरू होतो. तो तुमच्या नॅनोला ब्रेल डिस्प्ले समजून कर्नलच्या ड्रायव्हरकडून ताबा घेतो. इथे कोणीच चुकीचं वागलेलं नाही. नंबर चिपचा आहे, वस्तूचा नाही, आणि दोन वेगळ्या वस्तू एकच नंबर सांगताहेत.

'ब्रेलचं पॅकेज काढून टाका, प्रश्न मिटेल' हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल. स्वतःच्या लॅपटॉपवर, ब्रेल वापरणारं कोणी नसेल तर, तो चालेल. पण कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर असं करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उद्या एखादी अंध विद्यार्थिनी तिथे डिस्प्ले लावून बसेल आणि तिच्यापुढे काहीच येणार नाही. का येत नाही, हे शोधायला तिच्याकडे पडदाही नसेल. त्याऐवजी '/यूएसआर/लिब/युडेव्ह/रूल्स.डी' या फोल्डरमधली, नावात बीआरएल-टीटीवाय असलेली नियमांची फाइल त्याच नावाने '/ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी' मध्ये कॉपी करा. कॉपीत १ए८६/७५२३ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला # घाला. ईटीसीमधली फाइल मूळ फाइलवर मात करते. 'युडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' चालवा, बोर्ड काढून परत लावा. बाकीचे ब्रेल डिस्प्ले पूर्वीसारखे चालत राहतील. सीपी२१०२ चिपचे बोर्डही क्लबमध्ये असतील, तर १०सी४:ईए६० या नंबरची ओळसुद्धा तपासा. तिथेही हाच प्रकार होतो.

प्रश्न : माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुठल्याही कंपनीची एनव्हीएमई एसएसडी टाका, लिनक्स तिला लगेच ओळखतं. कालपरवा आलेल्या कंपनीचीसुद्धा. वायफाय कार्डाच्या बाबतीत मात्र दर वेळी नशीब आजमावावं लागतं. हा भेदभाव का?
— एक व्यावसायिक, नाशिक

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर कळलं की गिऱ्हाईकाला कार्ड निवडून देतानाच तुम्हाला निम्मी अडचण टाळता येईल.

पीसीआय एक्सप्रेसवर बसलेलं प्रत्येक कार्ड आपल्या कॉन्फिग स्पेसमध्ये स्वतःची ओळख ठेवतं. व्हेंडर आयडी १६ बिटांचा, डिव्हाइस आयडी १६ बिटांचा. इंटेलचा व्हेंडर आयडी ८०८६, एएमडीचा १०२२, रिअलटेकचा १०ईसी. त्या जागी कार्डच नसेल तर वाचल्यावर एफएफएफएफ मिळतं आणि कर्नल पुढे सरकतो. यांच्याबरोबर तीन बाइटांचा क्लास कोड असतो : हे कोणत्या प्रकारचं उपकरण आहे, त्यातला उपप्रकार कोणता आणि ते कोणत्या पद्धतीने बोलतं.

एनव्हीएमईचा क्लास ०१, ०८, ०२ असा आहे. यातला शेवटचा ०२ फार महत्त्वाचा. त्याचा अर्थ असा, की या डिस्कचे रजिस्टर (चिपशी बोलण्यासाठी तिच्यात असलेल्या ठरावीक जागा) आणि कमांड एनव्हीएमईच्या जाहीर स्पेसिफिकेशनप्रमाणेच आहेत. म्हणून कर्नलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरच्या टेबलात एक ओळ अशी आहे, की कंपनी कोणतीही असो, क्लास हा असेल तर डिस्क माझी. पेन ड्राइव्हचंही तेच : यूएसबीचा क्लास ०८. कीबोर्ड आणि माउसचा ०३. वायफाय कार्डाचा क्लास मात्र साधारण ०२, ८० असतो, म्हणजे 'नेटवर्कचं काहीतरी, इतर'. आतले रजिस्टर प्रत्येक चिपचे वेगळे. क्लासवरून काहीच कळत नाही, म्हणून ड्रायव्हरला एकेक चिप नंबरानिशी माहीत असावी लागते. स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणारं रिअलटेकचं ८८२१सीई घ्या. त्याचा नंबर १०ईसी:सी८२१. कर्नलच्या ५.९ या आवृत्तीत, २०२० साली, त्याचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला. त्याआधीचा कर्नल असलेल्या मशीनवर ते कार्ड धडधाकट असूनही मुकं राहणार.

एनव्हीएमईच्या टेबलातली एक गंमत मला फार आवडते. सर्वांना घेणारी ती क्लासची ओळ टेबलाच्या शेवटाकडे आहे. तिच्या वर काही ठरावीक कंपन्यांच्या ठरावीक डिस्कचे नंबर आहेत, प्रत्येकासमोर त्या डिस्कची खोड लिहिलेली. टेबल वरून खाली वाचलं जातं आणि जी ओळ पहिली जुळते ती घेतली जाते, म्हणून हा क्रम. कुठल्यातरी माणसाने ती डिस्क कशी अडखळते हे शोधून काढलं, तेव्हा ती ओळ तिथे आली.

आता दुकानासाठी. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा आणि तीन गोष्टी पाहा. कार्डाची ओळच नसेल तर ड्रायव्हरचा विषय सोडा; कार्ड नीट बसलं आहे का, त्या एम.२ स्लॉटला पीसीआय जोडलं आहे का, बायोसमध्ये ते बंद केलेलं आहे का ते पाहा. ओळ आहे, पण खाली ड्रायव्हरचं नावच नाही? मग तो नंबर तुमच्या कर्नलच्या एकाही टेबलात नाही आणि नवा कर्नल हाच पहिला उपाय. मॉड्यूलचं (लागेल तेव्हा कर्नलमध्ये चढवता येणाऱ्या ड्रायव्हरचं) नाव आहे पण 'वापरात असलेला ड्रायव्हर' ही ओळ नाही, तर जुळणी झाली आणि प्रोब फसलं, किंवा कोणीतरी ते मॉड्यूल अडवून ठेवलं आहे. तेव्हा डीमेसेज वाचा. वायफायच्या बाबतीत बऱ्याचदा तिथे फर्मवेअर मिळालं नाही, एरर उणे २, असं दिसेल. उणे २ म्हणजे फाइल नाही. ड्रायव्हर आहे, पण चिपमध्ये भरायचा तिचा स्वतःचा कोड '/लिब/फर्मवेअर'मध्ये नाही. डेबियनच्या १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधीचा पेन ड्राइव्ह दुकानात फिरत असेल तर बदलून टाका.

ड्रायव्हर हजारोंनी असतात, ते सगळे मेमरीत नसतात. मग न चढवलेल्या ड्रायव्हरचं टेबल कर्नल कसं वाचतो, हेही तुम्ही पत्रात विचारलं आहे. तो वाचतच नाही. कर्नल बसवताना 'डेपमॉड' सगळ्या मॉड्यूलांची टेबलं गोळा करून 'मॉड्यूल्स.अलायस' ही एकच फाइल बनवतो. कार्ड सापडलं की कर्नल त्याचे सगळे नंबर एका ओळीत गुंफून बाहेर हाक देतो. त्या ओळीला 'मॉडअलायस' म्हणतात. युडेव्ह ती ऐकतो, फाइलमधल्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि जुळणारं मॉड्यूल चढवतो. मॉड्यूल आत आलं की ते आपल्या बसवर (पीसीआय, यूएसबी यांसारख्या जोडणीच्या मार्गावर) नाव नोंदवतं आणि तोवर कोणी न घेतलेली डिव्हाइस त्याला एकेक करून दाखवली जातात. म्हणजे आधी कार्ड आलं काय किंवा आधी ड्रायव्हर आला काय, भेट होतेच. २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून बस, डिव्हाइस आणि ड्रायव्हर यांची ही एकत्र मांडणी आहे आणि ती '/सिस'खाली उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

प्रश्न : घरी जुना थ्रीजी डोंगल आहे. लिनक्सला लावला की सीडी दिसते, मोडेम दिसत नाही. डोंगल बिघडला का?
— सावंतवाडीहून

उत्तर : बिघडलेला नाही. या डोंगलांना दोन ओळखी असतात. लावल्यावर ते आधी सीडी म्हणून पुढे येतात, कारण त्या सीडीवर विंडोजचा ड्रायव्हर असतो. कर्नलने क्लास ०८ पाहून त्याला स्टोरेज ड्रायव्हर दिला, तो योग्यच दिला. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज टाका. ते डोंगलला ठरावीक संदेश पाठवतं, डोंगल स्वतःला बसवरून काढतो आणि वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने परत येतो, या वेळी मोडेम म्हणून. आधी आणि नंतर 'एलएसयूएसबी' चालवा, नंबर बदललेला दिसेल. हल्लीचे काही यूएसबी वायफायसुद्धा असेच वागतात.

प्रश्न : शाळेला देणगीत मिळालेल्या लॅपटॉपांवर आम्ही लिनक्स टाकलं. सगळं चालतं, टचपॅड सोडून. बाहेरून माउस लावावा लागतो. मुलं दोन-दोनच्या गटात बसतात, माउस मोजकेच. 'एलएसयूएसबी' आणि 'एलएसपीसीआय' दोन्हीत टचपॅड कुठेच दिसत नाही. मग ते जोडलेलं आहे तरी कुठे?
— एक शिक्षक, जि. लातूर

उत्तर : सर, तुम्ही योग्य जागी शोधलंत आणि ते तिथे नाही, हीच मोठी माहिती आहे. आजकालची टचपॅड बहुतेक आयटूसी नावाच्या दोन तारांच्या बसवर असतात. यूएसबी आणि पीसीआयवर डिव्हाइस स्वतःची ओळख सांगतं. आयटूसीवर तशी सोयच नाही. चिप एका पत्त्यावर गप्प बसलेली असते. तिथे कोण बसलंय हे दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं आणि लॅपटॉपमध्ये ते काम बायोसमधली एसीपीआयची टेबलं करतात. त्यांत प्रत्येक उपकरणाला हार्डवेअर आयडी असतो आणि बऱ्याचदा सोबत 'मी अमुक प्रकाराशी सुसंगत आहे' असं सांगणारा आणखी एक आयडी. बॅटरीचा पीएनपी०सी०ए. आयटूसीवरच्या टचपॅडांचा सर्वसाधारण आयडी पीएनपी०सी५०. एलान कंपनीच्या टचपॅडांचे बरेचसे स्वतःचे आयडी 'ईएलएएन०६' ने सुरू होतात, पुढे दोन अक्षरं मॉडेलप्रमाणे बदलतात.

'/सिस/बस/एसीपीआय/डिव्हाइसेस' या फोल्डरमध्ये 'एलएस' करून पाहा. तिथे टचपॅडचा आयडी मिळाला तर पुढचा शोध सोपा होतो.

मग दोन शक्यता उरतात. पहिली : आयडी आहे, पण तुमच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या टेबलात तो नाही. एलानच्या ड्रायव्हरचा इतिहास उघडून पाहिलात तर 'एसीपीआय टेबलात अमुक आयडी घातला' असे एकेका ओळीचे बदल ओळीने दिसतात. प्रत्येक ओळीमागे असाच एक लॅपटॉप आहे, ज्याचं टचपॅड चालत नव्हतं. नव्या कर्नलमध्ये तुमचा आयडी आला असण्याची शक्यता चांगली आहे, म्हणून वितरणाचा सर्वांत नवा कर्नल आधी घालून पाहा. पेन ड्राइव्हवरून नव्या आवृत्तीचं लाइव्ह सत्र सुरू केलंत तर काही न बसवताही कळेल.

दुसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. टचपॅड ज्या आयटूसी कंट्रोलरवर आहे, तो स्वतः एक डिव्हाइस आहे आणि त्यालाही ड्रायव्हर लागतो. बोट लागल्याची खबर ज्या पिनेवरून येते, त्या पिनांच्या कंट्रोलरलाही लागतो. यांतला एक जरी कर्नलमध्ये नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर जुळूनही पुढे जाऊ शकत नाही. डीमेसेजमध्ये 'आयटूसी' आणि 'पिनसीटीआरएल' हे शब्द शोधा.

नव्या कर्नलवरही चाललं नाही, तर मला लॅपटॉपचं मॉडेल, एसीपीआयच्या फोल्डरमधली नावं आणि डीमेसेजचा पूर्ण मजकूर पाठवा. आयडी खरोखरच राहिला असेल तर तो घालायचा बदल एका ओळीचा आहे. तो तुमच्याच मशीनवर तपासून, तुमच्या नावाने 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून, त्या ड्रायव्हरच्या मेंटेनरकडे (देखभाल करणाऱ्याकडे) ईमेलने पाठवायचा असतो. पत्ता कर्नलच्या सोर्समधली 'गेट-मेंटेनर' (मधे हायफनऐवजी अंडरस्कोअर) ही स्क्रिप्ट शोधून देते. मी सोबत बसून पाठवायला मदत करीन. ही ओळ एकदा मूळ कर्नलमध्ये गेली की त्या मॉडेलचा प्रत्येक लॅपटॉप, कुठल्याही गावातला, पुढच्या अपडेटनंतर आपोआप चालू लागतो. तुमच्या शाळेतली मुलं हे पाहतील, याचं मला फार मोल वाटतं.

प्रश्न : एकाच ग्राफिक्स कार्डासाठी नूवो आणि एनव्हिडिया असे दोन ड्रायव्हर आहेत. दोघांच्या टेबलात तेच नंबर. कोण जिंकतो, आणि ब्लॅकलिस्ट करूनही नूवो परत का येतो?
— वाचक, ठाणे

उत्तर : जो आधी नोंदवला जातो आणि ज्याचं प्रोब यशस्वी होतं, तो कार्ड घेतो. घेतलेलं कार्ड दुसऱ्याला दाखवलंच जात नाही. कोणता चांगला, हे कर्नल ठरवत बसत नाही. ब्लॅकलिस्ट फक्त नंबरावरून आपोआप होणारं चढवणं थांबवते. नाव घेऊन कोणी मॉड्यूल मागितलं तर ते येतंच. शिवाय बूट होताना लागणाऱ्या इनिट-रॅम-एफएसमध्ये जुन्या सेटिंगची प्रत असते. ब्लॅकलिस्ट लिहिल्यावर ती नव्याने बनवा, उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू'. कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचं असेल तर ब्लॅकलिस्टच्या वाटेला जाऊ नका. सिसमधल्या त्या कार्डाच्या फोल्डरमध्ये 'ड्रायव्हर-ओव्हरराइड' (मधे हायफनऐवजी अंडरस्कोअर) ही फाइल आहे, तिच्यात हव्या त्या ड्रायव्हरचं नाव लिहा. मग त्या एका कार्डापुरता दुसरा कुठलाच ड्रायव्हर जुळणार नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. फौंड्रीसाठी हवामान नोंदवणारा बॉक्स रास्पबेरी पायवर बनवतोय. बीएमई२८० सेन्सर आयटूसीवर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये नोंद केली, पण ड्रायव्हर लागत नाही आणि कसलाही एरर येत नाही. एरर आला असता तर शोधता तरी आलं असतं.
— एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : एआरएम बोर्ड हे माझं रोजचं काम, त्यामुळे तुमची चिडचिड मला पूर्ण समजते. जुळणी न होणं हा कर्नलच्या लेखी एरर नाही. नोंद वाचली, कोणाच्या टेबलात ते नाव सापडलं नाही, विषय संपला. उद्या एखादं मॉड्यूल येईल आणि ते घेईल, म्हणून तो शांत राहतो.

एआरएमवर पूर्वी प्रत्येक बोर्डाची माहिती सी भाषेत कर्नलमध्येच लिहीत असत. बोर्ड वाढले तसा तो पसारा आवाक्याबाहेर गेला. २०११ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली आणि त्यानंतर एआरएमने डिव्हाइस ट्रीकडे जाण्याचा वेग वाढवला. आता बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलीत असतं आणि त्यात प्रत्येक चिपसाठी 'कम्पॅटिबल' नावाची ओळ असते : आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग चिप. तुमच्या सेन्सरसाठी ती 'बॉश,बीएमई२८०' अशी हवी. तुम्ही पाठवलेल्या फाइलीत बीएमई आणि २८० यांच्यामध्ये हायफन आहे. तेवढ्याने नाव वेगळं झालं. ड्रायव्हरच्या टेबलातली आणि तुमची अक्षरं तंतोतंत एक असावी लागतात. जवळपास चालत नाही. नावं स्मरणातून लिहू नका. कर्नलच्या सोर्समध्ये 'डॉक्युमेंटेशन/डिव्हाइसट्री/बाइंडिंग्ज' (यातला पहिला डी मोठा) आहे, तिथून उचलून चिकटवा.

हायफन काढल्यावर 'आयटूसीडिटेक्ट' चालवा. ७६ किंवा ७७ या पत्त्यावर आकडाच दिसला तर चिप उत्तर देते आहे, पण ड्रायव्हर लागलेला नाही. 'यूयू' दिसलं तर ड्रायव्हरने तो पत्ता घेतला आहे. नुसत्या दोन रेघा असतील तर वायरिंग आणि पॉवर तपासा, सॉफ्टवेअरला हात लावू नका.

आणखी एक. बाजारात बीएमई२८० म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मॉड्यूलांवर प्रत्यक्षात बीएमपी२८० असतो, आर्द्रता न मोजणारा. डिव्हाइस ट्री फक्त तुम्ही सांगितलेलं नाव पुढे नेते. चिप खरोखर कोण आहे ते ड्रायव्हर प्रोबमध्ये तपासतो. डी० या रजिस्टरमधला चिप आयडी बीएमईचा ६० आणि बीएमपीचा ५८ असतो. वेगळा निघाला तर डीमेसेजमध्ये तशी नोंद येते. शंभर बॉक्सची ऑर्डर घेण्याआधी आलेल्या प्रत्येक लॉटमधले नमुने असे तपासून घ्या. फौंड्रीत आर्द्रतेचा आकडा चुकला तर वाळूच्या साच्यापर्यंत त्याचा परिणाम जातो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पुढे तुमचा स्वतःचा बोर्ड बनवाल तेव्हा सेन्सरला रेग्युलेटरमधून पॉवर द्याल. मग असंही होईल, की जुळणी बरोबर आहे, प्रोब सुरू झालं, पण रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून उठलेला नाही. अशा वेळी ड्रायव्हर उणे ५१७ परत करतो. त्याचा अर्थ 'मला नंतर परत बोलवा' असा आहे. २०१२ च्या ३.४ कर्नलपासून ही सोय आहे. कर्नल अशा डिव्हाइसांना बाजूच्या यादीत ठेवतो आणि दुसरं कोणी यशस्वी झालं की पुन्हा संधी देतो. कोण अजून ताटकळत आहे ते '/सिस/कर्नल/डीबग/डिव्हाइसेस-डिफर्ड' या फाइलीत मिळतं (तिच्या नावात हायफनऐवजी अंडरस्कोअर आहे). तिथे तुमचा सेन्सर दिसला तर सेन्सरकडे नाही, तो ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे बघा.

प्रश्न : ताई, मला ड्रायव्हर लिहायला शिकायचंय. वडील म्हणतात, नवीन कार्ड घेऊन त्यावर प्रयोग करणं परवडणार नाही. घरचा लॅपटॉप एकच आहे, तो बिघडला तर भावाचा अभ्यासही अडेल. काही मार्ग आहे?
— प्रथम वर्ष, सांगली

उत्तर : आहे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. क्यूईएमयू हे व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर टाक आणि ते सुरू करताना '-डिव्हाइस ईडीयू' हा पर्याय दे. ईडीयू हे शिकणाऱ्यांसाठीच बनवलेलं, फक्त सॉफ्टवेअरमध्ये असणारं पीसीआय कार्ड आहे. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नलच्या वर्गांसाठी ते तयार झालं. बिघडलं तर ती खिडकी बंद करायची, लॅपटॉपला धक्काही लागत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' चालव. १२३४:११ई८ हा नंबर दिसेल आणि त्याखाली ड्रायव्हरचं नाव नसेल. तुझं मॉड्यूल याच कार्डासाठी. आधी टेबलात ही एकच ओळ घाल, प्रोबमध्ये एक संदेश छापण्यापलीकडे काहीही करू नकोस, आणि संदेश डीमेसेजमध्ये उमटला का ते बघ. मग कार्डाची मेमरी मॅप करून ०४ या पत्त्यावर एखादा आकडा लिही. परत वाचल्यावर त्याचे सगळे बिट उलटे झालेले मिळाले तर तू कार्डाशी खरोखर बोललीस. त्यानंतर ०८ वर एक छोटा आकडा लिही. कार्ड त्याचं फॅक्टोरियल काढतं. काम चालू आहे की झालं, हे २० या पत्त्यावरच्या स्टेटस रजिस्टरचा सर्वांत खालचा बिट सांगतो, तेवढी वाट बघायला विसरू नकोस. हे सगळे पत्ते हेक्समधले (१६ च्या पायावरच्या आकड्यांतले) आहेत.

हे जमलं की टेबलातली ओळ पुसून त्या जागी दुसराच नंबर घाल, मॉड्यूल पुन्हा बनव आणि चढव. प्रोब बोलावलं जाणार नाही. आता रूट म्हणून '/सिस/बस/पीसीआय/ड्रायव्हर्स' मधल्या तुझ्या ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये जा आणि 'न्यू-आयडी' या फाइलीत (इथेही मधे अंडरस्कोअर) '१२३४ ११ई८' असं लिही, आकडे अर्थातच इंग्रजी. कोड न बदलता टेबलात ओळ वाढेल आणि प्रोब तिथल्या तिथे चालेल. मग 'अनबाइंड'मध्ये कार्डाचा पत्ता लिहून ते सोडव, 'बाइंड'मध्ये लिहून परत जोड, आणि प्रत्येक वेळी डीमेसेज वाच. कुठे अडलीस तर तुझा कोड आणि डीमेसेज दोन्ही पाठव, नुसता 'चालत नाही' असा निरोप नको.